शेवट ठाऊक असलेला सिनेमा

अक्का,

तू गेल्याला आज बावीस दिवस झाले आणि मला एका जागी बसवत नाही. ऑफिसात खुर्चीत टेकतो, दहा मिनिटांत उठतो, पाणी पिऊन येतो, पुन्हा टेकतो. घरी टीव्ही लावतो आणि बातम्या सुरू व्हायच्या आत बंद करतो. संध्याकाळी स्कूटर काढून सात रस्त्यावरून होटगी रोडला लागतो, विमानतळाच्या भिंतीपर्यंत जातो आणि तसाच मागं फिरतो. काम काहीच नसतं. सुमननं हे काही दिवस बघितलं. काल म्हणाली, "नुसतं फिरण्यापेक्षा लिहून काढा. त्यांना सांगायचंय ते त्यांनाच सांगा."

म्हणून बसलोय. किती वेळ बसवतंय बघू.

भेटायला येणारी माणसं तुझ्याबद्दल फार चांगलं बोलतात. बाई शिस्तीच्या होत्या, बाईंनी आमच्या मुलीला विज्ञानाची गोडी लावली, बाईंचा आवाज कधी चढला नाही. बाराव्याला वळसंगहून आलेले काका तुला 'गरीब गाय' म्हणाले, तेव्हा मी उठून गॅलरीत गेलो. तू भांडकुदळ होतीस हे एकालाही आठवत नाही. की तू सगळं भांडण एकट्या माझ्यासाठी राखून ठेवलं होतंस?

आपलं सगळ्यात जुनं भांडण दिव्याच्या पिक्चरचं. मी आठवीत होतो. तू नुकतीच शाळेत शिकवायला लागली होतीस आणि मला वळसंगहून शिकायला तुझ्याजवळ आणलं होतंस, साखर पेठेतल्या त्या एका खोलीत. मी आईसाठी रडायचो, म्हणून एका रविवारी तू मला पिक्चरला नेलंस. परदेशी पिक्चर, हिंदीत बोलणारा. अंतराळयान म्हणजे रंगवलेला डबा होता, एका ठिकाणी तर त्याला लटकवलेली तार दिसली आणि लोकांनी शिट्ट्या मारल्या. गोष्ट एवढीशीच होती. सूर्यापासून फार लांब एक ठाणं असतं, तिथं जाणाऱ्या-येणाऱ्या यानांसाठी एक दिवा तेवत ठेवलेला असतो. ठाणं बंद करायचं ठरतं, शेवटचं यान सगळ्यांना न्यायला येतं, आणि दिव्याची देखभाल करणारी ती मध्यमवयीन बाई जात नाही. का जात नाही, ते कुणी सांगत नाही. यान निघून जातं, ती दिव्याची काच पुसत राहते आणि पिक्चर संपतो.

तू पदर तोंडाला लावून रडत होतीस. बाहेर आल्यावर म्हणालीस, "तिला तितंच ऱ्हायचं हुतं, दत्त्या." मी म्हणालो, तिला न्यायला कुणी थांबलं नाही, म्हणून ती राहिली. तू चालता चालता उभी राहिलीस आणि म्हणालीस, "असं कसं म्हणतूस?" तेव्हापासून तीसच्या वर वर्षं आपण त्या बाईवरून भांडलो. पिक्चर टीव्हीवर लागला तेव्हा भांडलो, मी त्याची सीडी आणली तेव्हा भांडलो. माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी हळदीच्या हातानं भांडलो. सुमनला वाटलं होतं, दिवेवाली ही आपल्या नात्यातली कुणीतरी आहे.

पुढं मी विम्याच्या ऑफिसात चिकटलो आणि रविवारच्या पुरवणीत सिनेमावर लिहायला लागलो. दर रविवारी सकाळी आठला तुझा फोन यायचा. लेख कसा झाला हे तू एकदाही सांगितलं नाहीस. "दृश्य लिवताना श पोटफोड्या न्हाय, शहामृगाचा" असलं काहीतरी सांगून तू फोन ठेवायचीस. मी चिडायचो. पण शनिवारी मजकूर पाठवण्याआधी तुझ्या कानानं एकदा वाचायचोच.

यंदा दिवाळी झाली आणि त्या पिक्चरच्या आधीची गोष्ट नव्यानं काढलेली आली. दिवेवालीचं तरुणपण. गुरुवारी सकाळी तू ऑफिसात फोन केलास आणि म्हणालीस, उद्या पहिल्या खेळाला जायचं. मी म्हटलं रविवारी जाऊ, मला रजा टाकावी लागेल. तू म्हणालीस, "रविवारपत्तोर थांबायचं न्हाय मला." मला हसू आलं. साठीला आलेली बाई पहिल्या दिवशी पहिला खेळ मागते, म्हणून मी ते ऑफिसात सगळ्यांना सांगितलं आणि अर्धी रजा टाकली.

मॉलमधलं थिएटर. तू तुझ्या चष्म्यावर तो थ्रीडीचा काळा चष्मा चढवलास आणि तो घसरू नये म्हणून अडीच तास एका हातानं धरून बसलीस. आणि अक्का, पिक्चर दिसायला काय होता! हे मी तेव्हाही म्हणालो होतो, आजही म्हणतो. तो तांबडा ग्रह, आणि आपल्या रानात चैत्रात उठते तशी पण डोंगराएवढी वावटळ, हळू हळू वस्तीवर येणारी. मग यान शनीभोवतीच्या त्या बर्फाच्या कड्यातून जातं तेव्हाचा तो भाग, एकेका ढेकळाची सावली दुसऱ्यावर पडलेली, आणि मधूनच एवढासा सूर्य. तू माझं मनगट धरलंस. थिएटरात कुणी श्वास घेत नव्हतं. तेवढ्यात एक यान फुटलं, मोठा धमाका झाला, आणि तू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालीस, "पोकळीत आवाज कसला येतोय?" पुढच्या रांगेतल्या तिघांनी वळून बघितलं.

पण त्या देखाव्यात माणूस नव्हतं. तिची आई मरते, पाचव्या मिनिटाला ती हसते. तिचा नवरा वावटळीत सापडतो, आणि आपण वावटळ बघत राहतो. जुन्या पिक्चरनं जे सांगायचं टाळलं होतं, ते ह्यांनी फोडून सांगितलं: नवऱ्याला वचन दिलं होतं, म्हणून ती दिव्यापाशी राहिली. तीस वर्षांच्या आपल्या भांडणाचा निकाल एका वाक्यात, वर व्हायोलिन. त्या क्षणी तू माझ्याकडं बघितलंस, मी तुझ्याकडं. एवढ्यापुरतं तरी आपलं जमलं. हे उत्तर आपल्या दोघांचंही नव्हतं.

मग आपण त्या कोपऱ्यावरच्या हॉटेलात चहा प्यायला बसलो. पुढची पंधरा मिनिटं मी गेले दहा दिवस रोज नव्यानं ऐकतोय.

तू म्हणालीस, तुला पिक्चर आवडला. मी म्हणालो, "अक्का, डोळे दिपले म्हणजे आवडला असं नसतं." तू म्हणालीस, दिपू देत की. मी जोरात आलो होतो. दुसऱ्या दिवशी लेख द्यायचा होता, तो मी तुझ्यावर घासून बघत होतो. मी म्हणालो, असल्या आधीच्या गोष्टीत मूळचीच खोट असते. ती बाई मरणार नाही, ती त्या ठाण्यावर पोचणार आणि तिथंच राहणार, हे तिकीट काढतानाच माहीत असतं. मग कशासाठी बघायचं?

तू म्हणालीस, "शेवट कळल्यावर तर नीट बघता येतं."

आणि मी म्हणालो, "ज्याचा शेवट ठरलाय त्यात माणसाचा जीव गुंतत नाही, अक्का. कंटाळा येतो."

तू कप खाली ठेवलास. माझ्याकडं बघितलं नाहीस, बाहेर रस्त्याकडं बघत होतीस. म्हणालीस, "येतो व्हय कटाळा?" मी म्हणालो, येतोच. तू म्हणालीस, "असंल." मग तू बर्फाच्या कड्याबद्दल बोलायला लागलीस, शनीची कडी खरी किती पातळ असतात ते सांगितलंस. मी जिंकलो असं मला वाटलं. तू इतक्या लवकर कधी हार मानत नव्हतीस, तेव्हा मला नवल वाटायला हवं होतं. मला आनंद झाला.

रविवारी लेख आला. तेच वाक्य मी शेवटी टाकलं होतं, जरा नटवून. आठ वाजले, नऊ वाजले, तुझा फोन आला नाही. मला वाटलं, आवडता पिक्चर मी झोडपला म्हणून तू रुसलीस. मीही केला नाही फोन. पुढच्या रविवारीही केला नाही. बारा दिवस, अक्का. ज्या माणसाच्या हातात एकूण अकरा आठवडे उरले होते, त्यातले बारा दिवस मी रुसण्यात घालवले.

मग तूच फोन केलास. आवाज नेहमीचा होता. म्हणालीस, पोटात जरा दुखत होतं म्हणून दाखवलं, काल रिपोर्ट आला, तो काही बरा नाही. मी 'काल' हा शब्द धरून ठेवला. त्याच्या आधारावर मी पुढचे दोन महिने काढले.

तुला आम्ही घरी आणलं. सुमनच्या आमटीत चिंच जास्त होते हे तू तिला तिसऱ्याच दिवशी सांगितलंस, आणि ती न रागावता कमी घालायला लागली तेव्हा तूच तिच्यावर रागावलीस, की आजारी माणसाची अशी मर्जी राखू नये. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलं होतं. दुरुस्त होण्यातलं काही नव्हतं. आणि तरी अक्का, मी तुला खरंच सांगतो, त्या दिवसांत मी जेवढा जागा होतो तेवढा आयुष्यात कधी नव्हतो. तू अर्धी भाकरी दुधात कुस्करून खाल्लीस, तर मी ऑफिसातून सुमनला फोन करून विचारायचो, सगळी संपवली का. तुझ्या उशाची उंची, खिडकीतून येणारं ऊन, पाणी कोमट की गार, यावर माझा दिवस ठरायचा. तुझ्या जुन्या विद्यार्थिनी यायच्या, तू त्यांना नोकरीचं विचारायचीस, त्या गेल्यावर कुणाला प्रकाशाचं परावर्तन शेवटपर्यंत कळलं नव्हतं ते मला सांगायचीस. तुझ्या खोलीतून हसण्याचा आवाज आला की मी हातातलं टाकून यायचो. काही चुकायला नको होतं मला.

हे मी तुला सांगितलं नाही. सांगायची वेळ तू आणून दिली होतीस, तरी नाही.

संक्रांतीच्या आसपास तू हट्ट धरलास की वळसंगला जायचं, हुरडा आलाय. महादेवनं, आपल्या चुलतभावानं, बांधावर लिंबाखाली सतरंजी टाकून ठेवली होती. त्यानं कणसं भाजली, तळहातावर चोळून गरम दाणे तुझ्यापुढं धरले. शेरडं बाजूला चरत होती. "बाधायचा न्हाय न्हवं?" तो मला विचारत होता की तुला, कळलं नाही. तू म्हणालीस, "दे की. वास तरी घिऊ." तू दाणे तोंडात टाकलेस, फार वेळ चावत राहिलीस. ज्वारीवर वारा होता. महादेव कणसं आणायला गेला, तेव्हा तू माझ्याकडं न बघता विचारलंस,

"दत्त्या, तुला कटाळा येत न्हाय न्हवं?"

मी मोबाईलवर होतो. ऑफिसचा निरोप होता. मी म्हणालो, "कसला कंटाळा? तू दाणे नीट चावून खा."

तू "बरं" म्हणालीस आणि चावत राहिलीस.

मला काही कळलं नव्हतं. बाराव्यापर्यंत कळलं नव्हतं. त्या दिवशी सगळे जेवून गेल्यावर नसीमबाई मागं थांबल्या. तुझ्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाई, तुझ्यासोबत निवृत्त झालेल्या. तुझ्या दवाखान्याच्या फेऱ्यांना त्याच बरोबर होत्या हे मला माहीत होतं. बोलता बोलता मी म्हणालो, रिपोर्ट थोडा आधी आला असता तर.

"दत्ताभाई, रिपोर्ट तो पिच्चर के पहले आया था ना," त्या म्हणाल्या. "बुधवार को. मैंच साथ में थी. अक्का बोली, चलो, आता शुक्रवारी दत्त्यासोबत पिच्चर बघते."

त्या गेल्यावर मी तुझी फाईल काढली. तारीख बघितली, कॅलेंडर काढून वार बघितला. बुधवारच.

तेव्हापासून मी फिरतोय. स्कूटर काढली की ते हॉटेल रस्त्यात लागतं, म्हणून मी मुद्दाम लांबून जातो, आणि तरी आपण बसलो होतो ते टेबल मला दिसतंच. तू कप खाली ठेवलास, तेव्हा तुला माहीत होतं. मी समोर बसून तुला सांगत होतो की ज्याचा शेवट ठरलाय त्यात जीव गुंतत नाही. आणि तू मला थांबवलं नाहीस. एक शब्द बोलली असतीस तर मी पायाशी बसलो असतो. पण तुला ते नको असणार. तुला त्या दिवशी भांडणारा भाऊ हवा होता, आणि तो तुला पुरेपूर मिळाला, असं मी स्वतःला समजावतो. अर्ध्या तासाच्या वर ते समजावणं टिकत नाही. मग मला तुझाच राग येतो. बारा दिवस मला रुसू दिलंस. 'काल रिपोर्ट आला' म्हणून माझी चूक लपवलीस. मला माफी मागायचीसुद्धा जागा ठेवली नाहीस.

नसीमबाईंनी आणखी एक सांगितलं. त्या बारा दिवसांत तू त्यांना घेऊन तोच पिक्चर आणखी दोनदा बघितलास. पोटात दुखत असताना, हातानं चष्मा धरून. दुसऱ्या वेळी त्या कंटाळल्या. तू त्यांना म्हणालीस, पुढं चाललंय ते बघू नको, मागची बाई बघ.

मागची बाई कोण, म्हणून मी परवा दुपारी त्यांच्या घरी गेलो. पिक्चर आता टीव्हीवर आलाय. नसीमबाईंनी रिमोट हातात धरून बरोबर जागा काढली. दिवेवाली नवऱ्याशी भांडतेय, यानाच्या भोजनगृहात. मागं, जरा धूसर, एक बाई ताटं पुसतेय. ती एक ताट बाहीनं पुसते, दाराकडं बघते, कुणी येत नाही, तरी ते ताट ती वेगळं काढून ठेवते. चार सेकंद. तिला संवाद नाही, ती पुन्हा येतही नाही. तू नसीमबाईंना म्हणाली होतीस, "दत्त्याला पिक्चरमध्ये माणूस दिसलं न्हाय. ही काय मग?"

मी ते चार सेकंद पाच-सहा वेळा बघितले. मग पिक्चर पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितला, खोट्या आशेनं, की आता मला तो वेगळा दिसेल. नाही दिसला, अक्का. बर्फाचं कडं लहान पडद्यावरही सुंदर आहे, आणि त्या दिग्दर्शकाला माणसांची काही पडलेली नाही. ती ताटवाली बाई त्याच्या ध्यानातसुद्धा नसेल. तिनं आपलं आपण केलंय आणि तू ते शोधून काढलंस. सिनेमाबद्दलचं माझं मत मी मागं घेत नाही. घेतलं तर तूच मला झोडपशील.

ते वाक्य मात्र मागं घेतो. पुरवणीच्या संपादकांना मी फोन केला, की माझ्या एका जुन्या लेखातलं एक वाक्य चुकीचं आहे, दुरुस्ती छापायचीय. ते म्हणाले, नाव चुकलं होतं का कुणाचं? मी म्हणालो, नाही, विधान चुकलं होतं. ते म्हणाले, सिनेमाच्या लेखातलं विधान तीन महिन्यांनी कोण दुरुस्त करतं? समजुतीनंच बोलले, तू गेलेली त्यांना माहीत आहे. मी फोन ठेवला. ज्या एका वाचकासाठी दुरुस्ती करायची होती, तिला ती आता छापून काय कळणार?

म्हणून इथं लिहितो. त्या बांधावर तू विचारलंस त्याचं उत्तर: नाही आला कंटाळा. एक दिवसही नाही. तुझ्या शेवटच्या आठवड्यात तू बोलणं कमी केलंस तेव्हा मी तुझ्या श्वासाकडं कान लावून बसायचो, आणि पुढं काय होणार हे मला पाठ होतं, तरी मला उठून जावंसं एकदाही वाटलं नाही. साखर पेठेतल्या खोलीत मी रडायचो तेव्हा तू वह्या तपासायच्या सोडून माझ्याजवळ येऊन बसायचीस. तुझंही वय तेव्हा काय होतं? मी त्याबद्दल तुला कधी काही बोललो नाही. आपण एकमेकांशी सिनेमावरच बोललो. आता वाटतं, तेवढ्यात पुष्कळ बोललो. आणि पुन्हा वाटतं, नाही.

आज सकाळी नसीमबाईंचा फोन आला. माझा नंबर त्यांनी पहिल्यांदाच लावला होता. त्यांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन उद्या आहे, मुलगा पुण्याला असतो, त्याला यायला जमत नाही. हे सगळं त्यांनी मला माहीत असल्यासारखं भराभर सांगितलं, आणि मग विचारलं की मी नऊला येतोय ना. मी म्हणालो, "नऊला?" तेव्हा त्या थोड्या घाबरल्यासारख्या झाल्या.

"अक्काने तुमको बोली नै थी क्या?" त्या म्हणाल्या. "मुझे तो दवाखाने मेंच बोली, तारीख बदलू नको, माझं काही झालं तरी दत्त्या येईल तुला न्यायला."

तू मला यातलं अक्षरही सांगितलं नव्हतंस.

मी म्हणालो, "हो, सांगितलं होतं तिनं. नऊला येतो."